परतीचं बटण

शिनोहारा आपलं विजेच्या वस्तूंचं दुकान बंद करून मुनेओकडे आला, तेव्हा मुनेओ कोट न काढताच कॉम्प्युटरसमोर बसला होता.

"घाबरतोस काय एवढा? नवीन नाही आवडलं तर जुन्यावर परत जाता येतं. तशी सोय असते," शिनोहारा म्हणाला. गल्लीतल्या प्रत्येक घरातले पंखे, टीव्ही, हीटर त्याच्याच हातचे.

मुनेओची बायको हिसाए ऑक्टोबरमध्ये गेली. ज्या घरात माणूस जातं, त्या घरानं डिसेंबर लागताच सगळ्यांना सुतकाचं कार्ड पाठवायचं असतं, की यंदा आम्हाला नववर्षाच्या शुभेच्छा पाठवू नका. नातेवाईक आणि शेजारी अंत्यविधीला आलेच होते. पण हिसाएच्या शाळेतल्या मैत्रिणी देशभर विखुरलेल्या. त्यांना ती वर्षातून एकदा कार्ड पाठवी आणि पत्ते सगळे कॉम्प्युटरवर ठेवी. आलेली कार्डं ती पत्ते तपासून रद्दीत देई. आता कार्डं वेळेत गेली नाहीत, तर एक जानेवारीला 'नववर्षाभिनंदन' लिहिलेली कार्डं मेलेल्या बाईच्या नावानं घरात येणार. ते मुनेओला बघवणार नव्हतं.

तिचा कार्डांचा प्रोग्रॅम फार जुना होता. नवी सिस्टीम घालू का, असं कॉम्प्युटर कधीपासून विचारत होता. ती दर वेळी 'नंतर' दाबी. ती गेल्यावर मुनेओनं 'हो' दाबलं, निदान विचारणं तरी थांबेल म्हणून. तेव्हापासून प्रोग्रॅम उघडेना.

शिनोहारानं सेटिंग उघडली. परत जायचं बटण फिकट पडलं होतं. तो ते दाबत राहिला.

"तू काही पुसलंस का रे?"

"साफसफाई केली."

"कसली?"

"वर्षअखेरची. ती सगळं घर घासून काढायची. यंदा मी लवकर सुरू केली. हा कॉम्प्युटर म्हणाला, जुन्या सिस्टीमनं खूप जागा अडवलीय, काढू का? म्हटलं, काढ."

"अरे देवा. तीस वर्षं बस चालवलीस, आणि डेपोत परतायचा रस्ता स्वतःच खणून ठेवलास!"

मुनेओ हसला नाही. शिनोहारानंही हसू आवरलं.

"बरं, प्रोग्रॅमची सीडी दे. माझ्याकडे जुनं मशीन आहे, त्यावर घालून बघतो. ती कंपनी कधीच बुडाली, पण सीडी असेल तर जमेल."

मुनेओनं टेबलाच्या रिकाम्या खणाकडे पाहिलं.

"तीही?"

"मंगळवारी. न जळणाऱ्या कचऱ्यात टाकली."

शिनोहारानं पत्त्यांची फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिली. अक्षरांऐवजी पडदाभर नुसत्या चौकटी आल्या.

"काहीतरी कर. पाया पडतो तुझ्या."

"दादा, माझ्या हातात असतं तर मी असा नुसता बसलो असतो का? सांग ना." शिनोहारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी असत्या तर आधी तुला झोडपलं असतं, मग मला चहा दिला असता."

मुनेओ उठून चहा करायला गेला. किटली भरून गॅसवर ठेवली, आणि गॅस पेटवायचा राहून गेला.

एक जानेवारीला सकाळी पोस्टाची स्कूटर दारात थांबली. रबरानं बांधलेला गठ्ठा पेटीत पडला. सगळ्या कार्डांवर हिसाएचं नाव. वाचायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. गठ्ठा उशीखाली सरकवला, पुन्हा काढला. आणि मग त्याला दिसलं, प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पाठवणारीचा पत्ता होता.

सणाचे दिवस सरल्यावर तो साधी पांढरी कार्डं घेऊन आला. कॉम्प्युटरवर हिसाएचा एप्रन टाकून ठेवला आणि हातानं लिहायला बसला. 'हिसाए ऑक्टोबरमध्ये गेली. कळवायला उशीर झाला, चूक माझी.' प्रत्येक कार्डावर तेच. लिहून बोटं आखडली, तरी गठ्ठा सरेना.

कागोशिमाहून आलेल्या कार्डावर लिहिलं होतं: 'हिसाए, यंदा नक्की भेटायचं हं! आणि तुझा नवरा शिकला का शेवटी कॉम्प्युटर?'

मुनेओनं ते दोनदा वाचलं. मग त्यानं नेहमीचा मजकूर लिहिला आणि खाली एक ओळ वाढवली.

'नाही शिकला.'