अण्णांच्या दमणीचा दिवा

अण्णा गेले त्या दिवशी गोदाकाकूंनी रिवाजाप्रमाणे घरात भरून ठेवलेले सगळे पाणी ओतून दिले. हंडे, कळशा, माजघरातला रांजण आणि गोठ्याशेजारच्या खोपट्यातल्या सहा काचेच्या बरण्या. त्या बरण्यांत पाणी नव्हते. अण्णांची बॅटरी होती.

"मला काय ठाऊक!" काकू म्हणाल्या. "हिरवं पडलेलं पाणी गं, शेवाळलेलं. म्हटलं, मेलं हे कधीचं साठवून ठेवलंय!"

हिरवे पडले होते हे खरे. नारिंगी खडे विरघळवून केलेले ते तेजाबाचे पाणी बॅटरीचा दम संपला की हिरवे होते. अण्णा असते तर त्यांनीही ते ओतलेच असते, पण धुण्याच्या दगडावर नसते ओतले. त्या दगडावर हरिहरकाकांचा, म्हणजे शेजारी राहणाऱ्या अण्णांच्या धाकट्या भावाचा, पंचा वाळत पडला, आणि दहाव्याला काका क्रियेला बसले तेव्हा पंचाची चाळण झालेली होती. गुरुजींनी मंत्र न थांबवता मान खाडीकडे वळवली.

"गेले, पण चावायचे राहिले नाहीत तुझे वडील," काका मला घरी परतल्यावर म्हणाले. मला हसू आले. बाप जाऊन दहा दिवस झालेल्या मुलीने हसावे की नाही, हे कुठल्याच पोथीत मला आढळलेले नाही.

अण्णांनी तारखात्यात उभा जन्म काढला होता. राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी पेन्शन घेऊन ते ठाण्यात परतले आणि कोलशेतच्या भातखाचरांकडे बैलांच्या दमणीतून जाऊ-येऊ लागले. परतताना हमखास अंधार व्हायचा. खाडीवरचा वारा कंदील टिकू देत नसे, आणि एकदा गाडी बैलांसकट मिठागरात उतरली. तेव्हापासून दमणीला विजेचा दिवा लावायचे त्यांच्या मनाने घेतले.

आधी त्यांनी तारऑफिसात असते तशी मोरचुदाची बॅटरी आणली. ती टेबलावर वर्षानुवर्षे सुखाने नांदते. बाळकुमच्या खड्ड्यांत तिच्यातले वरचे-खालचे पाणी एकमेकांत मिसळून ती बंद पडली. "बैठ्या कामाची बाई आहे ही," अण्णा म्हणाले आणि ती मोडीत काढून त्यांनी दुसरी निवडली. सहा बरण्या, काथ्यात बसवलेल्या, निम्म्याच भरलेल्या. प्रत्येकीत एक कोळशाची पट्टी, एक जस्ताची. जस्ताच्या पट्ट्या एका आडव्या दांडीला टांगलेल्या. दांडी खाली सोडली की जस्त तेजाबात बुडे आणि दिवा लागे. वर उचलली की विझे. बुडवून ठेवले तर तेजाब जस्ताला फुकट खात बसते, म्हणून गावाची पहिली घरे दिसली की अण्णा दांडी उचलत.

आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. दिवा लागे तो कोलशेतच्या माळावर, जिथे बघायला टिटव्या होत्या. गावात शिरताना तो विझलेलाच असे.

"घरी एकदा लावून दाखवा की," आई म्हणायची.

"दिवा रस्त्यासाठी आहे, नातेवाइकांसाठी नाही," अण्णांचे उत्तर.

आईने एकदा त्यांना तोंडावर सांगितले, "खोटं बोलायचं तर निदान बायकोला पटेल असं बोलावं." अण्णा नुसते हसले. मी कल्याणहून माहेरी येई तेव्हा ते मला दिव्याविषयी भरभरून सांगत. पण तो लागलेला मीही कधी पाहिला नव्हता.

साक्षीदार एकच, गाडीवान मारुती. पण मारुतीला शीळफाट्यावर उलट्या पायांच्या बाईने तंबाखू मागितली होती, आणि ती न दिल्याबद्दल ती त्याच्याशी भांडलीही होती. त्यामुळे मारुती "लागायचा, देवाशपथ लागायचा" असे म्हणाला, की ऐकणाऱ्याची उरलीसुरली खात्री पार जाई.

सुतकात भेटायला आलेले लोक ओटीवर बसत, उसासा टाकत, आणि अण्णांच्या चार आठवणी काढल्या की हळूच विचारत, "तो दिवा खरंच कधी लागला होता का हो?" आत माजघराच्या कोपऱ्यात बसलेल्या आईला हे ऐकू जाई. अण्णांना वेडे म्हटले असते तर तिने सहन केले असते. ती स्वतःच म्हणायची. पण लोक आता त्यांना खोटे म्हणत होते, आणि दिवा लागलेला तिनेही पाहिला नव्हता.

तेराव्यानंतर काकांनी सांगून टाकले. "दमणी बाळकुमच्या गुणाजीला द्यायची ठरली. उद्या सकाळी येतोय तो. घरात पुरुषमाणूस नाही, बैल कोण सांभाळणार? आणि ते खोपट्यातलं खटलं मी खाडीत टाकतो."

"आजचा दिवस थांबा, काका. दिवा लावून बघते."

"न लागलेला दिवा तू लावणार?"

"लागलेला दिवा पुन्हा लावणार."

"उत्तरे, पुस्तकं वाचून माणूस असा होतो," काका म्हणाले, पण अडवले नाही. दिवा लागणार नाही याची त्यांना इतकी खात्री होती की संध्याकाळी चार लोकांना त्यांनी स्वतःच बोलावले.

लहानपणी मी अण्णांच्या हाताखाली बॅटरीची कामे केली होती, त्यामुळे हातांना ते आठवत होते. अडचण गोदाकाकूंच्या स्वच्छतेची होती. बरण्या त्यांनी राखेने लखलखीत घासल्या होत्या, ते बरे झाले. पण जस्ताच्या पट्ट्याही चिंचेने घासून त्यांच्यावरचा, तेजाबापासून जस्त राखणारा पारा काढून टाकला होता.

"आणि कोळशाच्या पट्ट्या, काकू?"

"चुलीत घातल्या. पण पेटतील तर शपथ! त्यांच्यासारख्याच हट्टी."

चुलीच्या राखेतून मी सहाही पट्ट्या काढल्या. चांगल्या भाजून निघाल्या होत्या, काही बिघडले नव्हते. सोनाराकडून मारुतीने तेजाब आणि चिमूटभर पारा आणला. नारिंगी खडे डब्यात होते. ते कढत पाण्यात विरघळवले, निववले आणि तेजाब बारीक धारेने त्यात सोडले. तेजाबात पाणी कधी ओतायचे नाही. ते तोंडावर उडते. मग फडक्याने जस्तावर पारा चोळला, आरशासारखा होईपर्यंत. तारांची टोके पॉलिशपेपराने घासली, कारण दोष गंजलेल्या टोकाचा असतो आणि माणसे तो बॅटरीला देतात. हे अण्णांचे वाक्य. ते मनात आले आणि मी टोके पुन्हा एकदा घासली.

दिवेलागणीला बरण्या चढवून दमणी दारात उभी केली. काकांचे चार लोक पंधरा झाले होते. मी दांडीला हात घातला.

"नारळ फोडायचा का आधी?" कोणीतरी म्हणाले.

"फोडू की. प्रसाद तरी मिळेल," काका म्हणाले. लोक हसले.

मी दांडी अर्ध्यापर्यंत खाली सोडली. बरण्यांतून बारीक सळसळ आली. काचेच्या फुग्यातली तार आधी काळीच राहिली, मग विस्तवासारखी लाल झाली, आणि मग पिवळी.

मागची माणसे टाचा उंचावून पुढे सरकली.

"लागला की," शेवटी कोणीतरी म्हणाले, जरा नाराजीनेच.

"आता बोला!" मारुती ओरडला. "सांगत नव्हतो मी?"

खरे सांगायचे तर दिवा फार काही नव्हता. समईच्या दोन वाती बऱ्या. पण काका पुढे झाले, पंधरा जणांकडे वळले आणि त्यांनी आवाज चढवला. "आमच्या अण्णांचं डोकंच तसं! आमच्या घराण्यात पहिल्यापासून शास्त्राची ओढ. मी तर त्यांना नेहमी म्हणायचो, अण्णा, सोडू नका हे." गोदाकाकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

तेवढ्यात मागे दाराचा आवाज झाला. आई उंबऱ्यापाशी आली होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच माजघराबाहेर आलेली. पदर कपाळावर ओढलेला, भिंतीला एक हात. लोक आपोआप बाजूला झाले. ती बराच वेळ दिव्याकडे पाहत राहिली.

"हाच?" तिने विचारले.

"हाच."

"किती मंद आहे गं."

"हो."

"याच्यासाठी खोपट्यात बसायचे ते? जेवण निवेपर्यंत?"

"हो, आई."

"वात थोडी वर कर ना," ती म्हणाली. "नीट दिसत नाही."

त्याला वात नसते, हे मी तिला सांगितले नाही. अण्णा दांडी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नसत. मी ती तळापर्यंत सोडली.

दिवा पांढरा झाला. भक्क पांढरा. बैलांचे डोळे, काकांचे उघडे तोंड, ओटीवरचे सारवण, आईचा चेहरा, सगळे एकदम पुढे आले. आईने पदर मागे घेतला, की उजेडाने डोळे दिपून हात वर गेला, ते मला नीट कळले नाही. मग टिचकी वाजावी तसा आवाज झाला आणि तार तुटली.

"अरेरे," काका म्हणाले. "आता दुसरा फुगा?"

"मुंबईच्या ज्या साहेबाने दिला होता तो विलायतेला गेला. दुसरा मिळायचा नाही."

मी दांडी उचलली. लोक बोलत बोलत पांगले, आणि आई आत गेली. मी जस्ताच्या पट्ट्या धुऊन पुसून ठेवल्या. आता त्या कोणासाठी पुसायच्या, हा प्रश्न पुसून झाल्यावर पडला.

सकाळी गुणाजी दमणी न्यायला आला. त्याने चाके पाहिली, जू पाहिले, मग पुढच्या फुटक्या नशिबाच्या फुग्यापाशी वाकला.

"यो दिवा खराच पेटायचा का, हरिहरपंत? आमच्या मिठागरावर लोक हसतात म्हणून इचारतो."

काकांनी छाती भरून घेतली. पण त्यांनी तोंड उघडण्याआधी आतून, माजघरातून, आईचा आवाज आला. चांगला मोठा.

"पेटायचा. मी पाहिलाय."