नेलपॉलिशचा थेंब

पूर्णिमा आगाशे यांना इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती, तरी एक खूळ काही डोक्यातून जात नव्हतं. पोरांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट स्वतःच्या हातानं करावा, हे ते खूळ. पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तयार प्रोजेक्ट मिळतो, वर तोंडी परीक्षेची उत्तरंही पढवून मिळतात, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे कसे सुखात होते. पोटशूळ तेवढा बाईंना.

एका वर्षी त्यांच्या खुळाला गिऱ्हाईक भेटलं. वैजनाथ, वाशिमकडचा, येरवड्याला खोली घेऊन राहणारा. तो काळ असा, की पोरगं परीक्षेला बसायच्या आधीच सॉफ्टवेअर कंपन्या त्याला उचलत. वैजनाथलाही उचललं होतं. अट एवढीच, की निकाल लागेल तेव्हा सगळं पास असावं.

"मॅडम, मी विकत आणत नाही. स्वतः करतो," तो म्हणाला, आणि बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

अंडी उबवायच्या पेटीचं तापमान राखणारं यंत्र करायचं ठरलं. पेटी गार पडली की आतला बल्ब लागायचा, हवी तेवढी तापली की विझायचा. वर्षभर दोघं प्रयोगशाळेत ठाण मांडून बसले. "उष्णता जाते कुठे, हे आधी विचारायचं. पाठ करायचं नाही, बोट लावून बघायचं," बाई सांगायच्या. तो बोट लावायचा, भाजून घ्यायचा आणि हसायचा. बाई त्या पोरावर जीव टाकायला लागल्या होत्या, खोटं कशाला बोला.

परीक्षेच्या दिवशी वैजनाथ पेटी मांडीवर घेऊन, दोन बस बदलून आला. बाहेरच्या परीक्षकांपुढे त्यानं बटण दाबलं. बल्ब लागला. आणि लागलेलाच राहिला.

"यात अंडी उबणार आहेत की उकडणार?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, काल रूमवर नीट चालत होतं."

"काल परीक्षा नव्हती."

बाई मध्ये पडल्या. "त्याला थोडा वेळ द्या. आतला भाग नि भाग त्याला माहीत आहे, काहीही विचारा."

"अहो मॅडम, बाकी सगळ्यांचं चालतंय ना? मग यालाच सवलत का?"

बाकी सगळ्यांचं चालत होतंच. दुकानदार काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. वैजनाथला नापास केलं आणि नोकरी गेली. सॉफ्टवेअर कंपनीला त्या बल्बशी काडीचं देणंघेणं नव्हतं, पण अट म्हणजे अट.

सगळे गेल्यावर बाईंनी पेटी उघडली. तापमान ठरवणारा नखाएवढा स्क्रू असतो, प्रीसेट म्हणतात त्याला. तो बसच्या धक्क्यांनी फिरला होता, बस्स.

"यावर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा असतो, म्हणजे तो हलत नाही," बाई म्हणाल्या. "सांगायचं राहूनच गेलं रे."

वैजनाथनं मान डोलावली. पुढच्या परीक्षेला तो फिरकला नाही. बाईंनी निरोपावर निरोप धाडले, पण छे.

वर्ष सरलं. परीक्षक पुन्हा तेच. टेबलांवर प्रोजेक्ट मांडलेले, आणि प्रत्येकात प्रीसेटवर गुलाबी ठिपका.

परीक्षकांनी अभिनव नावाच्या पोराला विचारलं, "हा रंग कसला?"

"सर, नेलपॉलिश. प्रवासात प्रीसेट हलू नये म्हणून."

"आणि हा भाग इथेच का बसवला?"

"उष्णता जाते कुठे, हे आधी विचारायचं, सर. मग जागा ठरवायची."

परीक्षक खूश. बाईंनी त्याची बोटं पाहिली. भाजल्याची खूण औषधालासुद्धा नव्हती.

"हे शिकलास कुठे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडूनच, मॅडम," अभिनव बेधडक म्हणाला. ते खरं होतं, हे त्या बापड्याला माहीत नव्हतं.

"यंदा पोरांवर मेहनत घेतलीत हो," परीक्षक म्हणाले. उत्तरं बरोबर, यंत्रं चालू, मार्क कापणार कशाचे? बाईंनी सही केली. तेव्हा त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

कॉलेजातून त्या तडक बुधवार पेठेत गेल्या. पोरं जिथून प्रोजेक्ट आणत त्या युसूफभाईंच्या सुट्या भागांच्या दुकानात, मागच्या फळीवर वैजनाथ सर्किटला डाग देत बसला होता. बाईंना पाहून सवयीनं उभा राहिला. युसूफभाईंनी न सांगता स्टूल पुढे केलं.

"हे धंदे करायला शिकवलं होतं मी तुला?" बाई कडाडल्या.

"दुसरं काय शिकवलंत, मॅडम? हेच तर येतं मला." तो रागावला नव्हता. त्याचंच बाईंना जास्त लागलं.

"परीक्षा दे. मी बसते बरोबर. एकच तोंडी राहिलीय तुझी."

वैजनाथनं हातातली सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली. "आजची कशी झाली?"

"कोणाची?"

"सगळ्यांची."

बाई स्टुलावर टेकल्या. मग म्हणाल्या, "सगळे पास."

"तेच परीक्षक होते?"

"तेच."

"मग मी पास झालोच की, आता आणखी कशाला देऊ?" असं म्हणून तो खाली बसला आणि गुलाबी बाटलीचं झाकण उघडू लागला.