झाकणावरची लाल फुली

मित्रांनो, माणसं मला पाहतात तेव्हा आधी माझं झाकण पाहतात. आत काय आहे ते फार थोड्यांनी पाहिलं. मी लस टोचणाऱ्या बाईंची पत्र्याची पेटी आहे, आता जुनी आणि गंजलेली. १९६७ साली नागपूरच्या इतवारीतल्या एका डबे करणाऱ्या कारागिरानं मला घडवलं. शेजारच्या पेंटरनं पांढरा रंग दिला आणि झाकणावर सारख्या लांबीच्या चार हातांची लाल फुली काढली. रंग वाळेपर्यंत तीन जणांनी त्याला विचारलं, ही पेटी ख्रिस्ती मिशनची का. संशय माझ्या वाट्याला असा पहिल्याच दिवशी आला.

ही खूण मी पुढे पुष्कळ ठिकाणी पाहिली. चर्चच्या टोकावर तिचा खालचा हात लांब असतो. कामठीच्या छावणीत जखमींच्या गाडीवर ती अगदी माझ्यासारखी असते. दवाखान्यातल्या एका कॅलेंडरवर परदेशाचा झेंडा होता. लाल कापडावर पांढरी फुली, म्हणजे माझेच रंग उलटे. एकाच खुणेत कुणाला देव दिसतो, कुणाला देश, कुणाला औषधपाणी. कुणाला काय दिसावं हे मात्र खुणेच्या हातात नसतं.

माझी मालकीण सिंधूताई. तिच्या घरच्यांनी १९५६ साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. १९६८ च्या चैत्रात आम्ही मौद्याजवळच्या एका खेड्यात गेलो. तिथे धोंडबाच्या मुलीला देवी आल्या होत्या आणि दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्या होत्या. शेजारी तुळसाबाई राहत होती. तिची सून शामला पाच महिन्यांच्या पोराला घेऊन आदल्याच दिवशी धोंडबाकडे बसून आली होती. तीन-चार दिवसांच्या आत टोचलं तर पोर वाचण्याची आशा होती. सिंधूताईला ते ठाऊक होतं.

तुळसाबाई दारात आडवी उभी राहिली. तिची नजर माझ्या झाकणावर होती. तिच्या संशयाला कारण होतं. त्या गावात दरवर्षी गोंदणारी बाई येई. तिच्याजवळ एक फळी असे आणि फळीवर तुळस, विंचू, मोर असे नमुने काढलेले असत. जे फळीवर, तेच हातावर. गोंदण मेल्यावरही माणसासोबत जातं, अशी तिथली समजूत. सुई, पेटी आणि पेटीवरचं चित्र पाहून तुळसाबाईनं ठरवून टाकलं की ही बाई पोराच्या दंडावर क्रूस गोंदणार.

"तुम्ही तं धरम बदललाच," ती म्हणाली. "आता आमच्या लेकरायचाही बदलून राहिल्या काय?"

माझ्या कडीवरची सिंधूताईची पकड घट्ट झाली. आवाज मात्र चढला नाही.

"आम्ही बदलला तो आपल्या मनानं, मावशी. कोणी सुई टोचून नाही बदलला."

तिनं पोलक्याची बाही वर करून आपल्या दंडावरचा लशीचा गोल वण दाखवला. तुळसाबाईनं तो अंगठ्यानं घासून पाहिला आणि हा दुसऱ्या पेटीचा असेल म्हणून नाकारला. आतून शामला विनवत होती, टोचून घेऊ द्या. सासू ऐकत नव्हती. बराच वेळ माझ्याकडे पाहून ती खाली बसली आणि तिनं स्वतःची बाही वर केली.

"पहिले मले टोच. क्रूस निंघाला तं मी म्हातारी जाईन त्याच्यासंगं. तवरोक पोराले हात नको लावू."

सिंधूताईनं टोचलं. पण वण उठायला दिवस लागतात. पुढच्या गावी जायचं सोडून ती तिथल्या शाळेतच राहिली. रोज सकाळी आम्ही तुळसाबाईकडे जायचो आणि ती मला उचलून, झाकण भिंतीकडे करून ठेवायची. पहिल्या दिवशी दंडावर काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नुसती खाज होती. त्याच दुपारी धोंडबाची मुलगी गेली. शामला पोराला छातीशी धरून बसली होती. सिंधूताईनं पुन्हा विचारलं. तुळसाबाईनं मान हलवली, नाही.

तिसऱ्या दिवशी लाल फोड उठला. तुळसाबाई उन्हात बसली आणि त्याच्या कडेनं बोट फिरवत राहिली, एकदा, दोनदा, तीनदा.

"कोपरे नाही वं ह्याले," ती सुनेला म्हणाली. "आण पोराले."

सिंधूताईनं माझी कडी उघडली आणि पोराला टोचलं. पोराला थोडा ताप आला आणि उतरला. त्या घरात देवी आल्या नाहीत.

पुढे काही वर्षांत देवीचा रोगच देशातून गेला आणि माझं काम संपलं. आता मी दवाखान्याच्या कोपऱ्यात आहे. माझ्यात कुणी सायकलचं सामान ठेवतं, कुणी चहाची साखर. फुलीचा रंगही उडत चालला आहे.

मित्रांनो, माझं झाकण पाहून तुम्हालाही शंका येईल. येऊ द्या. फक्त ती तुळसाबाईसारखी घ्या, आधी स्वतःचा हात पुढे करून. आणि फार दिवस लावू नका. शेजारच्या घरातला रोग तेवढा वेळ थांबत नाही.