उभं पान

पाळण्याची स्प्रिंग कुरकुरली. मी श्वास रोखला. बाळानं कूस बदलली, मूठ उघडली, मिटली, आणि घर परत शांत झालं. दुपारचा हा एवढा वेळ माझा. अम्मच्ची, माझ्या सासूबाई, खाली आडव्या झालेल्या असतात, थोरली लेक तेसा गच्चीच्या दारात रंगखडू पसरून बसते, आणि मी फोन उघडते.

त्या दिवशीही उघडला. आमच्या 'तामरक्कूट्टम'वर, म्हणजे घरच्या टबांत कमळं फुलवणाऱ्या वेड्यांच्या ग्रुपवर, नवंच फूल आलं होतं. कडेला फिकट पिवळं, आत जाता जाता लाजल्यासारखं गुलाबी. खाली नेहमीची रांग. 'अभिनंदन!' 'कुठली जात?' 'कंद मिळेल का?' मीही टाळ्या टाकल्या. मग फोटोखालचा मजकूर वाचला. शोशाम्मा चेचीच्या, आम्हा सगळ्यांच्या ताईच्या, मुलानं लिहिलं होतं: अम्मा आज सकाळी गेली. तिचा धड फोटो सापडला नाही, म्हणून तिचं शेवटचं फूल टाकतोय.

आमच्यात कुणी आधी मजकूर वाचतच नाही. फूल दिसलं की अभिनंदन. मग एकेकजण गुपचूप आपला संदेश काढायला लागला, तेव्हा ग्रुप चालवणारे बशीरिक्का, सगळ्यांचे दादा, बोलले, "काढू नका रे. ती असती तर मशीन थांबवून हसली असती."

मशीन म्हणजे शिवणयंत्र. चेची एडत्वा गावाला ब्लाउज शिवायची, आणि तिच्या प्रत्येक बोलक्या संदेशामागे ते खडखडत असायचं. तिचा चेहरा आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, पण मशीनचा आवाज अंधारातसुद्धा ओळखला असता. नवख्याला पहिला कंद ती फुकट पाठवायची. "मला परत देऊ नको. तुझा वाढला की दोघांना दे." त्या संध्याकाळी कासरगोडपासून पारश्शालापर्यंतच्या, केरळच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या, लोकांनी आपापली फुलं टाकली, आणि कुणाला कंद कुणाकडून मिळाला तेही लिहिलं. कुठूनही सुरुवात करा, माग एडत्वालाच जाऊन थांबत होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलानं कळवलं की माणसं यायची, मांडव घालायचा, म्हणून अंगणातले टब रिकामे करून टाकले. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! ते पिवळं-गुलाबी फूल तिनं स्वतः बी रुजवून वाढवलेलं. बशीरिक्कांनी विचारलं, "कुणाकडे आहे का?" कुणाकडेच नव्हतं.

माझ्याकडे होतं. महिन्यापूर्वी चेचीकडून त्याच कमळाच्या कंदाचं पार्सल आलं होतं, ओल्या ब्लाउजच्या चिंध्यांत गुंडाळलेलं. मी तसं लिहिलं आणि लगेच फोन वाजला.

"जिन्सी, मोळे, पोरी, राग मानू नको," बशीरिक्का म्हणाले. "तुझ्याकडे दोन पोरं, तीन टब. आपल्या ग्रुपमधल्या सजूकडे पाठवून दे. त्याच्याकडे पन्नास टब आहेत, जाळी आहे, माणूस आहे."

"इक्का, पाण्यावर दोन पानं तरंगायला लागलीत. आता उपटलं तर खालचा कोंब तुटेल."

"आणि तुझ्याकडे मेलं तर? जगात एवढंच उरलंय ते."

 मलाही तीच भीती होती.

अम्मच्चींनी सगळं ऐकलं होतं. "देऊन टाक बाई. दुपारची ताटं तशीच पडलीत, आणि ही इकडे चिखलाला पाणी पाजतेय!"

ताटं घासली. मग बाळाला मांडीवर घेऊन चेचीचा माझ्याकडचा शेवटचा संदेश लावला. खडखड, खडखड, आणि त्यावर तिचा आवाज: "लावलंस ना? मग आता हात मागे बांध. पोरं आणि कमळं सारखी चाचपली की रुसतात. पहिलं उभं पान आलं की सांग मला. तोवर फोन नको, ओणम तोंडावर आलाय, ब्लाउजांचा डोंगर पडलाय."

मी बशीरिक्कांना सांगितलं, "मी नाही उपटत."

"मेलं तर?"

"मेलं तर ग्रुपवर मीच सांगेन."

 "बरं," ते म्हणाले, "शेवाळ काढताना चमचा घे. बोटं नको."

त्यानंतर एक पान पिवळं पडलं. कावळ्यानं दुसरं फाडलं, तेव्हा बाळाची छत्रीसारखी मच्छरदाणी नेऊन टबावर ठेवली. अम्मच्ची म्हणाल्या, "आता दुपट्यात गुंडाळ त्याला, अंगाई म्हण." पण संध्याकाळी त्या स्वतःच विटा आणून मच्छरदाणीच्या कडांवर ठेवताना दिसल्या. मी रोज बघायचे आणि हात मागे बांधायचे. ग्रुपवर कुणी काही विचारत नव्हतं. ते न विचारणंच जड व्हायचं.

आणि मग एका सकाळी तेसा ओरडली, "अम्मा, पान उभं राहिलंय! पाण्याला टेकतच नाही!"

खरंच. गुंडाळीतून अर्धवट सुटलेलं, काडीएवढ्या देठावर, वाऱ्यानं हलत होतं. उभं पान आलं म्हणजे मुळांनी माती धरली. मी तिथंच ओल्या गच्चीवर बसले आणि थोडी रडले.

फोटो टाकला. बराच वेळ एकही अभिनंदन आलं नाही. मग बशीरिक्कांनी लिहिलं, "कुठली जात?"

मला हसू फुटलं. आणि मग सगळेच तुटून पडले: कंद मिळेल का, माझा नंबर पहिला, सजूला शेवटी द्या.

"चेचीला सांगितलंस?" तेसानं विचारलं.

चेची येशूकडे गेली, हे मी तिला समजावलं होतं. पण पान आलं की चेचीला सांगायचं, हेही तिनं ऐकलं होतं. मी काही बोलायच्या आत तिनं फोन घेतला, चेचीच्या नावावर बोट ठेवलं, मला बघून शिकलेलं बटण दाबून धरलं आणि म्हणाली, "चेची, उभं राहिलं हं! आता तू बोल."

एक खूण उमटली. मग दुसरी. फोन तिथं अजून चालू होता तर, कुणाच्या तरी हातात. आम्ही दोघी बघत राहिलो. बाळ पाळण्यात आपल्याशीच काहीतरी बोलत होतं.

दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

तेसानं फोन कानाला लावला. मशीन वाजेल म्हणून वाट पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"अम्मा, कुणी ऐकलं?"