फैलक्याच्या गाळातून मी कसा उठलो

मी एक जुना मचवा आहे. सध्या मुक्काम कुवेतचं शुवैख, बंदरामागची वाळू. दाभोळच्या खाडीकाठी सुतारांनी सागाच्या फळ्या जोडून, फटीफटीत कापूस ठोकून मला घडवलं. १९५३ साली कासम तांडेल मला शिडावर हाकत कुवेतला घेऊन आला. इथे आल्यावर त्याने माझ्या पोटात इंजिन बसवलं. मित्रांनो, ते इंजिन इतकं खोकायचं की बाजूच्या होड्या माझ्यापासून लांब उभ्या राहायच्या.

आठवडाभर मी मोठ्या जहाजांवरचा माल धक्क्यावर आणायचो आणि शुक्रवारी फैलका बेटाची सफर करायचो. प्रवासी बहुतेक आपले कोकणातलेच असायचे. बेटावर बघायला फार काय असणार? वाळू, खजुरी आणि एक उंचवटा. पण कासमने पूर्वी एडनचा ज्वालामुखी पाहिला होता. तो बिनदिक्कत सांगायचा, "हा पण ज्वालामुखीच आहे. झोपलाय. वर गेल्यावर हळू बोला." लोक धापा टाकत वर चढायचे. तिथे शेळ्या रवंथ करत बसलेल्या असायच्या, आणि लोक खरोखर हळू बोलायचे. मला खाली पाण्यात हसू आवरत नसे.

माझं इंजिन सांभाळायचा कासमचा भाचा, महबूब. गुणी मुलगा, पण तोंडात मूग. त्याचं मन शरीफावर होतं आणि शरीफाचं त्याच्यावर. आडवी येत होती ती शरीफाची आई, फखरुन्निसाखाला. "दर्यावरच्या माणसाला मुलगी द्यायची नाही," हे तिचं ठरलेलं. तेल कंपनीतल्या एका कारकुनाचं स्थळही तिने हेरून ठेवलं होतं. खालाचं मन वळवावं म्हणून कासमने मायलेकींना फैलक्याला नेलं. ते साल १९५८. खालाने दोन डेगच्या बिर्याणी आणि टोपलीभर घावनं सोबत घेतली. मी जड झालो, पण वास सुरेख होता.

अकराच्या सुमारास बेट आलं. खालाचे पाय भिजू नयेत म्हणून कासमने मला अगदी किनाऱ्याला लावलं.

महबूब हळूच म्हणाला, "मामू, एवढं आत नको. पाणी उतरतंय."

"तू मला शिकवतोस? चांदाची आज चौथी. तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ; चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती."

खालाही दाभोळचीच. तिने बोटांवर हिशेब केला. "तीनच. माझे वालिदपण असाच करायचे."

"खाला, तो हिशेब आपल्या खाडीचा. इथलं पाणी वेगळं."

"दर्या काय दोन असतात?" खाला म्हणाली. कासमने मान डोलावली. त्या दिवशी त्या दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

मंडळी ज्वालामुखी बघायला गेली आणि इकडे समुद्राने मला टाकलं. ती परत आली तेव्हा मी गाळात एका कुशीवर कलंडलो होतो, आणि पाणी फर्लांगभर लांब. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. खाला गुडघ्यापर्यंत रुतत माझ्यापर्यंत आली आणि डेगची मांडीशी घेऊन आत बसली.

तिने महबूबला विचारलं, "आता कधी निघणार?"

"पाचला मचवा तरंगेल."

"तीन नाही?"

"नाही. पाच."

खाला म्हणाली, "बरं. पाचला तरंगला तर शरीफा तुझी. नाही तर उद्याच कारकुनाला होकार कळवते." शरीफाचा घास हातातच राहिला.

तीन वाजले. भरतीचा पत्ता नव्हता. कासम ज्वालामुखीकडे तोंड करून बसला. चारनंतर मात्र पाणी सरसर आलं. साडेचारला माझा कणा भिजला, पावणेपाचला मी सरळ झालो. पण बूड काही सुटेना! मामा-भाचे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मला ढकलत होते. महबूबचा चेहरा पांढरा पडला होता. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला, पण माझ्यात बसलेला ऐवज काही हलका नव्हता.

शरीफाने मुकाट्याने पाण्यात उडी टाकली आणि खांदा लावला. मी जरासा हललो, पुन्हा टेकलो. पाचाला तीन मिनिटं कमी होती.

खालाने घड्याळ बघितलं. मग लेकीचा ओला, रडवेला चेहरा बघितला. नुसतं बसून राहिली असती तरी ती पैज जिंकली असती. तिने डेगची बाजूला सारली, ओढणी कमरेला खोचली आणि धप्पकन पाण्यात उतरली.

मी तरंगलो. असा तरंगलो की महबूब तोंडावर आपटला.

छातीभर पाण्यातून खाला म्हणाली, "बघत काय राहिलास जावया? हात दे, वर घे मला."

आता लोखंडी लाँची आल्या आणि मी वाळूवर पडलो. वर्षाकाठी एकदा खाला येते आणि माझ्या फळ्यांना माशाचं तेल चोळून जाते. दुसरं कुणी फिरकत नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी गाळात रुतलेलं दिसलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी जरा बघा, आपणच त्याच्यावर बसून नाही ना राहिलो. आणि बसलेलो असू, तर उतरा.