दुसऱ्या दोराचा भाव

आमचे बाबा भाव सांगायला गेले की दोनच गोष्टी घडायच्या. गिऱ्हाईक एक तर खूश होऊन जागच्या जागी हो म्हणायचं, नाहीतर चहाचा कप अर्धा ठेवून "बरं, कळवतो" म्हणायचं. खूश होणारी सगळी गिऱ्हाइकं कुंपणवाली. कुणाची झुडपं छाटायची, कुणाच्या खिडकीवर आलेली वेल उतरवायची. "कळवतो" म्हणणारी सगळी उंच झाडांची, आणि त्यांनी कधी म्हणजे कधी कळवलं नाही.

धंदा आमचा झाडांचा. वाळलेली फांदी उतरवायची, घरावर झुकलेलं झाड हलकं करायचं, अगदीच गेलेलं असेल तर तुकड्यातुकड्यांनी खाली आणायचं. एक जुना टेम्पो, फांद्या भरडायचं मशीन, दोन करवती, दोर आणि आम्ही तिघं. आई फोन घेते आणि पैसे सांभाळते, मी झाडावर चढते, बाबा खाली उभे राहून दोर धरतात. पूर्वी बाबाच चढायचे. मग एकदा पायाखालची फांदी गेली. दोराने जीव वाचवला, पण गुडघा खोडावर असा आपटला की तेव्हापासून त्यांना जिनासुद्धा कठडा धरून चढावा लागतो. त्या दिवशी खाली मी उभी होते. पुढे मी चढायचं ठरवलं तेव्हा त्यांनीच मला सगळं शिकवलं. एकेक गाठ शंभरदा बांधून घेतली, आणि चुकले की म्हणायचे, "माकडा, तुला शेपूट नाहीये, लक्षात ठेव."

मला चढायला आवडतं, हे सरळच सांगते. उंच झाडाच्या मध्यावर गेलं की खालच्यांचं बोलणं ऐकू येतं, पण आपल्याशी कुणी बोलत नाही. हे सुख मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. आणि गेला अख्खा हंगाम मी काय करत होते? शिडीवर उभी राहून लोकांच्या कुंपणांची हजामत.

बरं, त्यात पैसे तरी सुटत होते म्हणावं, तर तेही नाही. कुंपणाचा भाव बाबा असा सांगायचे, जणू शेजाऱ्याला मदत करायला निघालेत. कापलेला पाला भरायचा, तो कचरा डेपोत टाकायचे पैसे द्यायचे, टेम्पोत डिझेल घालायचं, करवतीला धार करून आणायची, हे सगळं त्यांच्या हिशेबात आपोआप व्हायचं. महिना संपला की आई टेबलावर बिलं पसरायची आणि चष्मा काढून डोळे चोळायची. तेवढ्यावरून आम्ही काय ते समजायचो.

अशात शेजारच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीचा मला फोन आला. झाडांचंच काम, पक्का पगार, नवं कोरं सामान. महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणाले. जेवताना मी ते बोलून दाखवलं. मला वाटलं, बाबा निदान हातातला घास तरी खाली ठेवतील. ते म्हणाले, "चांगलं आहे. तिथे पगार वेळेवर होतो." आणि ताट उचलून धुवायला निघून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नको जाऊस म्हणायला काय पैसे पडतात?

त्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर गावातल्या सभागृहाचा मॅनेजर भेटला. त्याच्या आवारातलं भलंथोरलं झाड दुसऱ्याच कुणीतरी उतरवलं होतं. "तुमच्या वडिलांचा आकडा ऐकला," तो हसत हसत म्हणाला, "आणि मला वाटलं, झाडाबरोबर सभागृहही पाडून देणार की काय!" इतरांच्या दुप्पट सांगितला होता म्हणे. मी घरी आले ती तरातरा स्वयंपाकघरात.

"आई, उंच झाडांचे भाव बाबांनी कुणाकुणाला काय सांगितले?"

आईला सगळं तोंडपाठ. एकेक आकडा ऐकून मी खाली बसले.

"वय झालं की माणसाचा अंदाज सुटतो का गं?"

"अंदाज नाही सुटलेला," आई म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. आई ही अशी. अर्धं बोलते, उरलेलं आपण शोधायचं.

मी शोधायचं ठरवलं. पुढचा फोन दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचा होता. घरामागे जुनी निलगिरी, ती काढायची. मी टेम्पोत आधीच जाऊन बसले.

"तू कशाला?" बाबा म्हणाले. "दोघं गेलो तर त्यांना वाटेल काम मोठं आहे."

"वाटू दे की!"

काम मोठंच होतं. निलगिरी घराच्या डोक्यावरून केव्हाच वर गेली होती. निम्म्या उंचीवर तिची दोन खोडं झाली होती आणि बरोबर त्या बेचक्यात काळा, ओला डाग. एका अंगाला विजेची तार, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचं काचेचं छप्पर. माझे हात शिवशिवायला लागले. बाबा झाडाभोवती फिरले, करवतीच्या मुठीने खोड ठोकलं, कान लावला, आणि बाईंकडे वळून म्हणाले, "खरं सांगू का बाई, हे काम न घेण्यासारखंच आहे."

मग त्यांनी जे सुरू केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते बेचकं आतून पोकळ असणार. चढणाऱ्याचा सगळा भार तिथेच येतो, म्हणून झाडावर भिस्त ठेवायची नाही, क्रेन आणायची आणि माणूस क्रेनला लटकवायचा. वीजवाल्यांकडून तार बंद करून घ्यायची. काचेवर फळ्या टाकायच्या. नेहमीच्या दोराशिवाय दुसरा दोर, आणि तो धरायला वेगळा माणूस, ज्याने तो धरण्याखेरीज काही म्हणजे काही करायचं नाही. घाई चालणार नाही, म्हणजे एका दिवसाचे दोन दिवस. वारा सुटला तर काम बंद, आणि त्या दिवसाचेही पैसे द्यावे लागतील. दर वाक्यानंतर ते बाईंच्या चेहऱ्याकडे मोठ्या आशेने बघायचे, आणि बाई नुसत्या मान हलवायच्या.

"वर जाणाऱ्याचे हात भरून येतात, बाई," ते शेवटी म्हणाले. "हात भरून आले की चूक होते. आणि वर जाणारं माणूस..." उगाचच नाक चोळत ते म्हणाले, "तेही कुणाच्यातरी घरचं असतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे भाव काम मिळावं म्हणून सांगितलेलेच नव्हते. मी बाबांकडे बघितलं, तर ते झाडाकडे बघत होते. मला राग आला, आणि त्या रागाच्या पाठोपाठ तोंड फिरवून मला ते काचेचं छप्पर बारकाईने बघावं लागलं.

मग बाबांनी आकडा सांगितला. तेवढ्यात एखादी बरी जुनी गाडी आली असती.

"कधी सुरू करता?" बाई म्हणाल्या.

"अं?"

"तुमच्याआधी दोघे येऊन गेले. एकाने फाटकातूनच भाव सांगितला. दुसरा म्हणाला, सकाळी सुरू करून जेवायच्या आत उरकतो. अहो, दात उपटायला कितीसा वेळ लागतो? बाजूचे दात जागेवर ठेवून उपटायचा, त्याचे पैसे मी घेते. तुम्ही एवढं सगळं बघितलंत, आता तुम्हीच करा."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "जरा जास्तच होतंय, नाही का?" ते चाचरत म्हणाले. "नीट विचार करा."

"केला."

"घरात कुणाला विचारायचं असेल..."

"मी एकटीच राहते."

टेम्पोत बसल्यावर मी दार धाडकन लावलं. "हंगामभर भाव चढवून मला जमिनीवर ठेवलंत! भरवसा नव्हता तर शिकवलंत कशाला?"

"तुझ्यावर आहे भरवसा. झाडांवर नाही."

"आणि त्यापायी कंपनीत जायची वेळ आली माझ्यावर, त्याचं काय? तिथे काय मला कुंपणं छाटायला ठेवणार आहेत?"

बाबांनी किल्ली फिरवली, पण गाडी सुरू केली नाही. "तिथे चढलीस तरी मला दिसणार नाहीस," ते म्हणाले.

"चला," मी म्हटलं. ते निघाले.

शब्द दिला होता, त्यामुळे काम करणं भाग होतं. बाबांनी सांगितलेलं सगळं आलं. क्रेन आली, तार बंद झाली, फळ्या पडल्या, फांद्या ओढायला दोन गडी आले. दुसरा दोर बाबांनी स्वतः धरला आणि शब्दशः दुसरं काहीही केलं नाही. क्रेनवाल्याने चहा पुढे केला तर "ठेव तिथे" म्हणाले, आणि तो चहा तिथेच गार झाला. वरून मी ओरडले, "बाबा, पिऊन घ्या, मी काही पळून जात नाही!" त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी बेचक्याशी पोचले. तिथलं एक खोड कापलं, क्रेनने ते अलगद उचलून बाजूला नेलं, आणि मी आत डोकावले. आत लाकूड नव्हतंच. ओला भुसा होता. मी हात घातला तो कोपरापर्यंत गेला. इतरांच्या भावात हे काम घेतलं असतं तर क्रेन परवडली नसती, आणि माझा दोर मी नेमका त्याच बेचक्याला बांधला असता. मी हात बाहेर काढला, हातमोज्यातून भुसा खाली सांडला. बाबा खालून तो भुसा बघत होते. त्यांनी दोराची ढील तेवढी ओढून घेतली, आणि माझ्या कमरेच्या पट्ट्याला हलकासा हिसका बसला.

क्रेन, गडी, डेपो, डिझेल सगळ्यांचे पैसे देऊन झाल्यावर आईने उरलेले मोजले आणि पुन्हा मोजले. हंगामभराच्या कुंपणांनी दिले नव्हते एवढे उरले होते. या खेपेला तिने चष्मा काढला नाही.

"आकडा काढलात तरी कसा?" मी विचारलं.

बाबा संकोचले. "ज्या ज्या गोष्टीने माझी झोप उडाली असती, तिच्यावर उपाय काय ते बघितलं आणि त्याचे पैसे धरले. वर थोडे चढवले, बाईंनी नाही म्हणावं म्हणून."

"त्या वरच्या थोड्यालाच नफा म्हणतात," आई म्हणाली. "इतकी वर्षं तेवढेच धरायचे राहत होते."

आम्ही हसलो, बाबा सगळ्यात जास्त. मग मी सांगून टाकलं की यापुढे कुंपणांचे भाव मी सांगणार. कुंपणाची त्यांना भीती वाटत नाही, म्हणून ते त्याचे पैसेच लावत नाहीत. त्यावर त्यांनी लहान मुलासारखं तोंड केलं, पण नाही म्हणाले नाहीत.

कंपनीचं मात्र राहिलंच होतं. महिनाअखेर आली. काम एक मिळालं म्हणजे धंदा तरला असं नाही, हे मलाही कळत होतं. दुपारी मी फोन करायला बसले, तर बाबा आपली जुनी पिशवी घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवली. आत त्यांचा स्वतःचा दोर होता, ज्याने त्यांना वाचवलं तो. कामाला तो पुन्हा कधी वापरला नव्हता, पण टाकलाही नव्हता. त्याच्याखाली एक नवा, दुकानाची चिठ्ठी न काढलेला.

"जुना नुसता बरोबर असू दे, त्यावर चढायचं नाही," ते म्हणाले. "आणि जाणारच असशील तर त्यांना एवढं विचार, दुसरा दोर देतात का. देत नसतील तर हा नवा ने. पण तो धरायला माणूस हवा, नुसता दोर काय कामाचा? तेही विचार." एवढं बोलून ते बाहेर गेले. थोड्या वेळाने करवतीच्या दातांवर कानस फिरल्याचा आवाज यायला लागला.

मी फोन लावला. पलीकडच्या माणसाने पगार सांगितला, सुट्ट्या सांगितल्या, गणवेशाचा रंगसुद्धा सांगितला. मी विचारलं, "अवघड झाडाला दुसरा दोर धरायला वेगळा माणूस देता का?"

तो हसला. वाईट हसला नाही, सहज हसला. "अहो ताई, एक माणूस असा नुसता उभा ठेवायचा, कुणाला परवडतं ते?"

मी पिशवीतल्या दोराकडे बघितलं. बाहेर कानस थांबली होती.

"आम्हाला परवडतं," मी म्हटलं, त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला.

बाहेर गेले तर बाबा कानस हातात धरून करवतीकडे बघत बसले होते. "काय म्हणाले?"

"त्यांचा भाव फार कमी आहे, बाबा."

"वाढवून मागायचास."

"मागणार नाही. आणि उद्या शाळेमागच्या उंच झाडाचा भाव सांगायला तुम्ही एकटेच जा. सगळं धरा, वरचे थोडेही धरा. फक्त या वेळी काम मिळावं असा सांगा."

बाबांनी मान खाली घातली आणि डोळ्यांत लोखंडाचा कीस गेल्यासारखा बाहीने चेहरा पुसला. "बरं, माकडा," ते म्हणाले, आणि कानस पुन्हा फिरायला लागली.