राखेतली माझी पावलं

मी एक ओपॉसम बोलतेय. हो, तीच! टोकदार तोंड, उंदरासारखी शेपटी, पोटाला पिशवी आणि पिशवीत पोरांची झिम्मड. आमच्या डोंगरातल्या गावात मला त्लाकुआचे म्हणतात. सकाळी खुराडं उघडल्यावर आणखीही काहीबाही म्हणतात, ते इथे सांगत नाही.

जन्मले तेव्हा मी मक्याच्या दाण्याएवढी होते. आईच्या पिशवीत वाढले, तिच्या पाठीवर बसून जग पाहिलं. खाण्याचे माझे नखरे नाहीत. पिकले पेरू, झुरळं, विंचू, सगळं चालतं. फक्त फिलेमोन आजोबांच्या कोंबड्यांवर माझा जरा जास्त जीव.

त्यांच्या सुनेला, रुफिनाला, कळा सुरू झाल्या तेव्हा आजोबांनी घराभोवती चुलीतली राख पसरली. इकडची रीतच आहे. बाळ जन्मताना ज्या जनावराची पावलं राखेत उमटतील, ते त्या बाळाचं तोना, म्हणजे जन्माचा सोबती. त्याला लागलं की बाळाला लागतं. "जग्वारच येणार!" असं आजोबा मिशीला पीळ देत गावभर सांगून आले होते.

सगळे घरात गुंतलेले बघून मी खुराड्याकडे निघाले. राख मऊ होती, पायांना बरी वाटली.

सकाळी अंगणात आजोबांचा एकच ओरडा. "ही शेपटीची रेघ! अंडीचोर मेली! पुसून टाका ते!"

"आणि पोरीला परत पोटात घालायची का?" त्यांची बायको, तोमासा आजी म्हणाल्या. "अहो, माणसाला विस्तव कुणी आणून दिला? हिच्याच पूर्वजांनी, शेपूट भाजून घेऊन! मेली तरी उठणारी सोबतीण मिळालीय. भाग्य काढलंय आपल्या नातीने, बेनिताने."

"गावात जग्वार सांगितलाय मी!"

"मग जग्वारलाही सांगायचं होतं, वेळेवर ये म्हणून."

आजोबांना तेवढ्यात लाकडांच्या ढिगात मी दिसले आणि त्यांनी झाडू उगारला.

मी धाडकन पडले. लोक म्हणतात, मी सोंग करते. देवाशपथ, नाही! भीतीने अंग आखडतं, जीभ बाहेर येते, वासाचं तर विचारूच नका. ऐकू सगळं येतं, पण नखही हलत नाही.

नेमकी त्याच क्षणी आत रडणारी बेनिता गप्प झाली. पोट भरून झोपली होती बिचारी, पण बाहेर कुणाला ठाऊक!

"मारलंत ना हो नातीला!" आजी किंचाळल्या.

आजोबांच्या हातून झाडू गळाला. गुडघे टेकून ते मला टोपीने वारा घालू लागले. "ऊठ गं बाई. कोंबडी घे, हवं तर कोंबडाही घे. पण माझ्या बेनिताला नेऊ नकोस." त्यांची आसवं माझ्या मिशांवर पडत होती. मला उठावंसं फार वाटलं, पण अंग ऐकेल तर ना!

अखेर माझा कान हलला. आत बेनितानेही टाहो फोडला. आजोबा हसताहेत की रडताहेत, कळेना. दुपारी ते शेजाऱ्याला सांगत होते, "जग्वार काय रे, कुणालाही मिळतो!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी लाकडांपाशी माझ्यासाठी अंडं असतं. शिव्या देत ठेवतात, पण ठेवतात. बेनिता आता दुडुदुडु धावते. माझे मात्र दात हलायला लागले. आमचं आयुष्य ते केवढं, दोन-तीन पावसाळ्यांचं.

एकच मागणं आहे. एक दिवस मी ढिगापाशी पडेन आणि उठणार नाही. बेनिताला काही व्हायचं नाही, ती ठणठणीत राहील. पण म्हातारा घाबरेल. तेव्हा कुणीतरी त्याच्याजवळ बसा आणि सांगा, "सोंग करतेय ती."